हँडल सरळ ठेवायचं

काम तसं साधंच होतं. एका दूरच्या गावातून एक मोटारसायकल ताब्यात घ्यायची आणि पाच दिवस चालवत घरी आणायची. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर चावीवाल्यांनी सरळ सल्ला दिला असता, ट्रकवर टाका, ताडपत्रीनं आवळा, दोन दिवसांत दारात. पण सांगणारी बायको होती आणि गाडी मुलाची होती.

मुलाला जाऊन अकरा महिने झाले होते. घरात त्याला सगळे भटक्या म्हणत. चार दिवस सुट्टी मिळाली की सामान गाडीला बांधून निघायचा. शेवटचा निघाला तोही असाच, हसत, आईनं दिलेला डबा मागं विसरून. परतीच्या वाटेवर एका परक्या गावात तापानं पडला. तीन दिवसांचा ताप. चावीवाले धावतपळत पोचले तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवरची चादर बदलून झाली होती. त्याला त्यांनी घरी आणलं. गाडी मात्र तिथल्या लॉजच्या मागच्या शेडमध्ये राहिली. लॉजवाला भला माणूस होता. "सवडीनं न्या," म्हणाला. ती सवड अकरा महिने सापडली नाही.

"ट्रकवर आडवी बांधून आणू नका," बायको म्हणाली. "त्याला आपण तसंच आणलं. निदान ती तरी आपल्या पायांनी घरी येऊ दे."

एवढं बोलून तिनं पुढच्या खोलीतला लाकडी बाक एकटीनं ओढत मागच्या खोलीत नेला. खिडकीशी जागा झाली. गाडी तिथं उभी राहणार होती. त्या रिकाम्या जागेवर ती रोज दोनदा झाडू फिरवायची, आणि चावीवाले ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

चावीवाले हे नाव दुकानावरून पडलेलं. हरवलेल्या किल्ल्या करून देणं, अडकलेल्या तिजोऱ्या उघडणं हा तीस वर्षांचा धंदा. घरातही तोच स्वभाव. शेजारी म्हणत, यांच्याकडे चोरी करायची तर चोराला आधी शिकवणी लावावी लागेल. भटक्यानं गाडी घेतली तेव्हा बापानं त्याला काय दिलं, तर कुलूप. स्वतः बनवलेलं, पितळी, मुठीत मावेल एवढं. किल्लीचं भोक एका सरकत्या पत्र्याखाली दडवलेलं. हँडलचं एक, पुढच्या चाकाच्या डिस्कला लावायचं एक, साखळीचं एक आणि हे चौथं.

आणि बापलेकांचं बोलणंही तेवढंच. भटक्या कुठंही असो, रात्री नऊच्या सुमाराला फोन करायचा. आईशी अर्धा तास गप्पा. मग फोन चावीवाल्यांच्या हातात यायचा.

"लॉक केलीस का?"

"केली, बाबा."

"किती?"

"चारही. आता तुम्ही झोपा."

फोन बंद. कित्येक वर्षं हेच. त्यात काही कमी आहे असं चावीवाल्यांना कधी वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, पण आता वाटून काय उपयोग.

हँडलचं कुलूप गाडीतच होतं, बाकीची तीन भटक्याच्या पिशवीत मिळाली, तेल लावून कापडात गुंडाळलेली. पहिल्या रात्री चावीवाल्यांनी गाडी लॉजच्या बोळात, काउंटरच्या शेजारी ढकलून घेतली. दुसऱ्या रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी केली, पुढचं चाक भिंतीला टेकवून, एक मालट्रक मागं आडवा लावून घेऊन. वर मळकी ताडपत्री, म्हणजे आत काय आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळायला नको. पंपावरचा पहारेकरी नऊलाच घोरायला लागला, म्हणून तिसऱ्या रात्री त्यांनी स्वतःची एक युक्ती केली. नायलॉनची बारीक दोरी गिअरच्या दांड्याला बांधली, मुक्कामाच्या खोलीच्या खिडकीतून आत घेतली आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळून झोपले. गाडी बोटभर जरी हलली असती तरी त्यांना जाग आली असती. आली नाही. सकाळी मनगटावर वळ होता, आणि त्यांना कितीतरी दिवसांनी बरी झोप लागली होती.

चौथ्या दिवशी रस्ता चढत चढत उघड्या माळावर आला आणि ऊन उतरलं. घर अजून तीनशे किलोमीटर होतं. सवय नसलेली कंबर बोलायला लागली होती. माळावर झाड नव्हतं, वस्ती नव्हती. रस्ता तेवढा सरळ, आणि रस्त्याच्या कडेला एकच दुमजली घर. खाली जेवणाची खोली, वर भाड्याच्या दोन खोल्या, बाजूला पत्र्याची शेड. शेडला तीन बाजूंनी पत्रे. चौथी बाजू रस्त्याकडे सताड उघडी.

घर चालवणारी बाई साठीची असेल. येणारेजाणारे तिला आत्या म्हणत. चावीवाल्यांनी गाडी शेडमध्ये घेतली आणि सवयीनं पुढचं चाक आतल्या भिंतीकडे केलं. आत्या दारातूनच म्हणाली,

"तशी नको. तोंड रस्त्याकडे करा. हँडल सरळ ठेवायचं. आणि चावी गाडीलाच असू द्या."

चावीवाल्यांना आधी ती थट्टा वाटली.

"चावी गाडीलाच?"

"हो."

"बाई, माझा धंदाच कुलपांचा आहे."

"मग आज सुट्टी घ्या," ती म्हणाली. "इथं कुलूप लावत नाहीत. कोणीच लावत नाही."

शेडमध्ये आणखी दोन गाड्या होत्या. एक आत्याची, जुनाट, टाकीवरचा रंग उडालेली. दुसरीवर मागं मोठी पत्र्याची पेटी. ती चष्मेवाल्याची. तो गावोगाव फिरून चष्मे विकायचा आणि दर महिन्याला इथं मुक्काम करायचा. दोन्ही गाड्यांची तोंडं रस्त्याकडे होती, हँडलं सरळ होती, आणि किल्ल्या लोंबत होत्या. उघड्या किल्ल्या बघून चावीवाल्यांच्या अंगावर काटा आला. उघडी जखम बघून येतो तसा.

"चोरीला नाही गेली कधी?" जेवताना त्यांनी विचारलं.

"सहा वर्षं येतोय मी," चष्मेवाला म्हणाला. "सकाळी गाडी जिथल्या तिथं. टाकीत पेट्रोल रात्री असतं तेवढंच. फक्त चाकांना कधी कधी लाल माती असते. इथली माती तर पांढरी."

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"विचारून काय करू? मी दुसऱ्याचे डोळे सुधारतो. स्वतः रात्री गाढ झोपतो." तो हसला, पण आत्याकडे बघून थांबला.

आत्या भांडी आवरत होती. "कुलूप लावू नका, चावीवाले," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या बऱ्यासाठी नाही सांगत. त्यांच्या बऱ्यासाठी सांगतेय."

"कोणाच्या?"

ती भांडी घेऊन आत गेली. चावीवाल्यांना आता सगळं स्वच्छ दिसायला लागलं. आडरानातलं घर, एकटी बाई, चुरूचुरू बोलणारा जोडीदार. दोघं मिळून प्रवाशांच्या गाड्या लंपास करत असणार. त्यांनी मान डोलावली, "बरं" म्हणाले, आणि वर खोलीत जाऊन बायकोला फोन लावला.

"कुठं आहात?"

"माळावर. एक घर आहे. उद्या संध्याकाळी पोचतो."

पलीकडे झाडूचा आवाज थांबला. मग तिनं विचारलं, आणि तो प्रश्न तिच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला,

"लॉक केली का?"

"चारही," चावीवाले म्हणाले.

खोटं बोलून बसल्यावर झोप कसली. खालचे दिवे मालवल्यावर ते अनवाणी उतरले. हँडल डावीकडे वळवून लॉक केलं, चावी काढून खिशात टाकली, डिस्कला कुलूप घातलं, साखळी मागच्या चाकातून घेऊन शेडच्या लोखंडी खांबाला आवळली आणि साखळीवर पितळी कुलूप. दोरी गिअरच्या दांड्यापासून वरच्या खिडकीपर्यंत नेली. मनगटाला दोन वेढे. मग कुठं त्यांनी पाठ टेकली.

जाग आली ती वासानं. पेट्रोलचा, गरम ऑइलचा, आणि त्याखाली ओल्या मातीचा वास. पावसाचं नाव नव्हतं. बाहेर काही वाजत नव्हतं. म्हणजे इतकं काहीच वाजत नव्हतं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यावं.

मग दोरी हलली.

अगदी हळू. कोणीतरी टोक हातात घेऊन, ही कुठं जाते, असं अंदाज घेत असावं तशी. ती ताणली गेली. सैल पडली. पुन्हा ताणली गेली. चावीवाले श्वास धरून पडून राहिले. चोर असता तर त्यानं दोरी कापली असती. ही दोरी कोणी कापत नव्हतं. हिसका बसला... एक... मग दोन लागोपाठ. आणि चावीवाले उठून बसले. कारण ही ओढ त्यांच्या मनगटाला ठाऊक होती. भटक्या चार वर्षांचा असताना बाजारात हात सोडवून घ्यायला असेच हिसके द्यायचा. रडायचा नाही, बोलायचा नाही. नुसता ओढत राहायचा, बाप सोडेपर्यंत.

ते उठून खिडकीशी गेले.

शेडमधून आत्याची जुनाट गाडी बाहेर येत होती. इंजिन बंद, दिवा बंद. झोपलेल्या माणसांना जाग येऊ नये म्हणून समजूतदार माणूस गाडी लांबपर्यंत ढकलत नेतो ना, तशी. ढकलणारं कोणी नव्हतं. तिच्यामागं चष्मेवाल्याची गाडी, मागची पेटी किंचितही न खडखडवता. दोन्ही रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथं त्यांचे दिवे लागले.

रस्त्यावर फक्त ते दोनच दिवे नव्हते.

माळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्ता दिव्यांनी भरला होता. पिवळे, पांढरे, जुन्या गाड्यांचे मिणमिणते, एकामागून एक, आवाज न करता, घाई न करता चालले होते. जिथं रस्ता आकाशाला भिडतो तिथंही ते थांबत नव्हते. वर चढत होते की माळच तिथं उंच होता, कोण सांगणार. चावीवाल्यांनी आयुष्यात बंद दारंच पाहिली होती. इतकं उघडं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती. पण देवळात शिरताना आवाज आपोआप खाली येतो, तसं त्यांचं सगळं आत खाली आलं. नजर हलत नव्हती.

खाली शेडमध्ये पत्रा करकरला. साखळी ताणली जात होती. दोरीला पुन्हा हिसका बसला.

ते जिना उतरले. आत्या पायरीवर शाल पांघरून बसली होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"लावलंत ना?"

"...हो."

"मला वाटलंच."

"कोण आहेत ते?"

"वाटेत राहून गेलेले," आत्या म्हणाली. "कोणी घरी निघाला होता, कोणी घरून. त्यांच्या गाड्या नंतर विकल्या जातात, भंगारात जातात. मग कुणाकुणाच्या घेऊन जातात बिचारे. उजाडायच्या आत आणून ठेवतात. माझी कोण नेतं ते मला ठाऊक आहे. उतरताना तो एक पाय घासतो. पहिल्यापासून सवय."

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. रोजचं दूध कोण घालतं हे सांगावं तसं ती सांगत होती.

शेडमध्ये भटक्याच्या गाडीचा पुढचा दिवा पेटला होता. मंद, धुक्यात असल्यासारखा. चावी चावीवाल्यांच्या खिशात होती. त्यांनी ती मुठीत घट्ट धरली.

"माझी परत येईल?"

आत्यानं शाल सावरली.

"दुसऱ्याची नेतात ती परत आणून देतात. त्यांना लाज असते. पण ज्याची गाडी त्यालाच मिळाली तर... एकदा नाही आली. एका म्हाताऱ्याच्या भावाची होती. तो तीन दिवस या पायरीवर बसला होता."

चावीवाल्यांच्या डोळ्यांसमोर खिडकीशी झाडून ठेवलेली जागा आली. बाक ओढताना जमिनीवर उठलेले दोन ओरखडे आले. उद्या रिकाम्या हातानं दारात उभं राहून ते काय सांगणार होते? की मी माझ्या हातानं कुलूप काढून दिली म्हणून? लेक हरवला, आणि आता गाडीही हरवून आलात, असं ती म्हणणार नाही. ती काहीच म्हणणार नाही. झाडू कोपऱ्यात ठेवून देईल. ते जास्त वाईट.

पत्रा पुन्हा करकरला. साखळी खांबावर घासली, आणि तो आवाज कण्हल्यासारखा होता. दोरीचा पीळ मनगटात रुतला. एक... मग दोन लागोपाठ.

चावीवाल्यांनी आधी दोरी सोडली.

मग ते शेडमध्ये शिरले आणि गाडीपाशी गुडघ्यांवर बसले. तिजोऱ्या उघडणारे हात, पण साखळीच्या कुलपाला किल्ली तीन वेळा चुकली. डिस्कचं निघालं. पितळी कुलपाचा पत्रा बोटाखालून निसटत राहिला. ते स्वतः बनवलेलं कुलूप, अंधारातही उघडता येईल असं त्यांना वाटायचं. शेवटी ते निघालं. हँडलचं सगळ्यात शेवटी काढलं. चावी वळवली, आणि हँडल त्यांच्या हाताशिवाय सावकाश सरळ झालं.

कोणी दिसलं नाही. पण सीट दबली. आधी थोडी, मग पूर्ण, स्प्रिंग बारीक कुरकुरली आणि गाडी नेमकी त्या उंचीवर स्थिरावली, जी चावीवाल्यांनी दारातून निरोप देताना शेकडो वेळा पाहिली होती. स्टँड उडून वर गेलं. ओल्या कातडी जॅकेटचा वास त्यांच्या चेहऱ्यावरून गेला.

खूप काही म्हणायचं होतं. अकरा महिने साठलेलं. तोंडातून आलं ते असं,

"सावकाश जा. पोचलास की..."

गाडी त्यांच्या गुडघ्याला न घासता शेजारून गेली, रस्त्यावर पोचली, आणि त्या दिव्यांत एक दिवा वाढला.

नंतर ते आत्याशेजारी पायरीवर येऊन बसले. चार कुलपांतली तीन मांडीवर होती. चौथं गाडीतच होतं, गाडीबरोबर गेलं. त्यांनी मान खाली घातली आणि कुलपं उगाच उघडत बसले, लावत बसले. वर बघायची हिंमत राहिली नव्हती. दिव्यांचा उजेड त्यांच्या पायांवरून सरकत होता. केव्हातरी, किती वेळानं सांगता यायचं नाही, एक उजेड त्यांच्या पायांवर थोडा थांबल्यासारखा झाला. शेजारी आत्यानं हात वर केला.

"कोणाला?" त्यांनी विचारलं.

"तिकडून कोणीतरी हात केला. म्हणून मी केला."

"कोणी?"

"मागं बसलं होतं कोणीतरी. दिवा डोळ्यांवर येतो, तोंड दिसत नाही."

चावीवाल्यांनी वर पाहिलं तोवर लाल टेललाइट लांब गेला होता.

पूर्वेला राखाडी व्हायला लागलं तसे दिवे विरळ झाले. चष्मेवाल्याची गाडी आली. आत्याची आली, शेडपाशी जमिनीवर काहीतरी घासलं गेलं आणि आत्या उठून चहा टाकायला आत गेली. रस्ता रिकामा झाला. मग नुसता रस्ताच राहिला, पांढरट, दगडगोट्यांचा. चावीवाले बसून होते. त्या म्हाताऱ्यासारखे तीन दिवस बसावं लागलं तर बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि ते ठरवताना त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन पायरीवर होतं. शेडमध्ये तीन गाड्या होत्या. दोन गाड्यांची हँडलं सरळ होती. भटक्याच्या गाडीचं हँडल मात्र डावीकडे वळवून लॉक केलेलं होतं. चावी चावीवाल्यांच्या मांडीवर होती, कुलपांच्या मध्ये. त्यांनी इंजिनाला हात लावला आणि झटकन काढला. आत धातू गार होत असताना टिक टिक वाजत होता.

चष्मेवाला तोंड धुऊन आला. लाल मातीनं भरलेली आपली चाकं त्यानं बघितली. मग चावीवाल्यांकडे बघितलं. पाण्याचा तांब्या तेवढा त्यांच्यापुढं ठेवला.

तीनशे किलोमीटर ते वाटेत फक्त एकदा थांबले. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा मुलं खेळायची थांबली, एक शेजारीण दारातून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. बायको दारात उभी होती. गाडी आत घेताना तिनं मागून हात लावला. दोघांनी मिळून ती खिडकीशी उभी केली. ती जागा तिला नेमकी पुरली.

चावीवाल्यांच्या लक्षात आलं की ती थोडी लंगडतेय. आणि केसांच्या मुळांशी, कानामागं, बारीक लाल धूळ आहे. लांबच्या प्रवासात बसते तशी.

"रात्री झोपलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही." ती गाडीच्या टाकीवरून पदर फिरवत होती. "तुम्ही काल त्या पायरीवर बसला होतात. शेजारी शालवाली बाई होती. मी हात केला. तिनं केला. तुम्ही मान खाली घालून बसलेले."

चावीवाले भिंतीला टेकले. भिंत गार होती, एवढंच त्यांना कळलं.

"अगं... तू इथं होतीस."

"दार वाजलं नाही. नुसता गाडीचा आवाज थांबला. तो कुठं थांबतो ते मला ठाऊक आहे ना. उघडलं, तर गाडी उभी होती." ती सांगत होती सरळ आवाजात, कोणत्याही दिवसाबद्दल सांगावं तसं. "मी बसले. एवढंच म्हणाला, आई, घट्ट धर. मग वारा फार होता, काही ऐकू येईना. मी त्याच्या पाठीला गाल लावून होते. केवढे दिवे होते, अहो. केवढं लांब. मला वाटलं आता परत आणतच नाही."

"मग?"

"मग आणलं. मी उतरेपर्यंत थांबला. गाडी तुमच्यापाशी परत न्यायची आहे म्हणाला."

खोलीत अंधार पडायला लागला होता. दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नाही. मग ती स्टुलावर बसली आणि पाय पुढं करून म्हणाली, "जरा ते मलम द्या." तिच्या उजव्या पोटरीवर सायलेन्सरला टेकून भाजल्याची खूण होती. बोटाएवढी लांब, लाल, मध्ये नुकताच फोड धरलेला.

चावीवाल्यांनी कपाटातून मलम आणलं. खाली बसून ते हलक्या बोटानं लावायला लागले.

"उतरताना चुकले," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला डावीकडून उतरेन."